कापसावरचं आयातशुल्क शून्य: दार एकाच बाजूनं उघडायचं का? (संकेतस्थळावरची २०२५ ची चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पऱ्हाटी

परवा आमच्या वावरात सीतादही झालं. आईनं पऱ्हाटीपाशी, म्हणजे कापसाच्या झाडापाशी, दहीभाताचा नैवेद्य ठेवला आणि मग बायांनी वेचणीला हात घातला. सव्वातीन क्विंटल कापूस निघाला. गावात आलेल्या व्यापाऱ्यानं मूठभर कापूस दाबून पाहिला, सरकी दाताखाली धरली आणि म्हणाला, ओल आहे, ६,६०० देतो. लांब धाग्याचा हमीभाव यंदा, २०२५-२६ ला, क्विंटलला ८,११० आहे. मी म्हटलं, दीड हजाराचा फरक ओलीचा असतो का? तर म्हणे, "ओलीचा थोडा, बाकी बाहेरून येऊन राहिलेल्या गाठींचा."

१९ ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग आठ-दहा दिवसांतच ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे आमची वेचणी जेव्हा भरात, नेमकं तेव्हा बंदर मोकळं. याच्या बदल्यात कुठल्या देशानं आपल्याला काही दिलं असंही नाही. याला एकतर्फी खुला व्यापार म्हणतात, एवढं मलाही कळतं.

माझा प्रश्न रागातून आलेला नाही. वडिलांच्या छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला होता. बाजार मोकळा हवा हे मी लहानपणापासून सभेतल्या सतरंजीवर बसून ऐकलेलं आहे, आणि ते मला आजही पटतं. म्हणूनच विचारतो: समोरच्यानं दार उघडलं नाही तरी आपण आपलं उघडावं, हे खरंच देशाच्या फायद्याचं असतं का? आणि असेल, तर तो फायदा जातो कुठं?

तराजू

धागा चांगला आहे, आकडे घेऊन बोलू या. मी पुण्यात पस्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल.

तत्त्व सोपं आहे. आयातशुल्क हा कर परदेशी माणूस भरत नाही, तो आपलाच गिऱ्हाईक भरतो. दुसऱ्या देशानं आपल्या बंदरात दगड टाकून ठेवले म्हणून आपणही आपल्या बंदरात दगड टाकावेत का, हा या वादातला जुना दाखला. ब्रिटननं १८४६ मध्ये धान्यावरचं शुल्क उठवलं ते कुणाकडून काही न घेता. पंतप्रधान रॉबर्ट पील यांचा पक्ष त्या पायी फुटला, सरकार गेलं, पण शहरातल्या कामगाराची भाकरी स्वस्त ठेवणारं धोरण टिकलं.

आपलंच उदाहरण घ्या. १९९१ च्या जुलैपर्यंत आपलं कमाल आयातशुल्क १५० टक्क्यांच्या वर होतं. ते उतरवत उतरवत २००७ पर्यंत बिगरशेती मालावर १० टक्क्यांवर आणलं. त्यातला मोठा भाग आपण स्वतःहून उतरवला. तुमच्या घरातला पंखा, फोन, दुचाकी यांची आजची किंमत आणि दर्जा त्यातून आलेला आहे. तेव्हाही उद्योजक म्हणत होते की आम्ही बुडू. काही बुडाले, पण बरेच सुधारले.

जुनी पानं

तराजूसर, आदर ठेवून असहमत. ब्रिटनचा दाखला देताना ब्रिटननं आपल्यावर काय लादलं तेही याच पानावर यायला हवं.

एकतर्फी खुल्या व्यापाराचा प्रयोग या देशावर एकदा पूर्ण झालेला आहे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी लकडा लावला आणि १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटननं आपल्याच कौन्सिलचं बहुमत डावलून जाड कापडावरचं शुल्क काढलं. १८८२ मध्ये मीठ-दारूसारख्या मोजक्या वस्तू सोडून जवळपास सगळं आयातशुल्क उठवलं. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून १८९४ मध्ये ते परत लावावं लागलं. तेव्हा मँचेस्टरवर अन्याय नको म्हणून मुंबईच्या गिरण्यांवरही अबकारी कर बसवला. १८९६ मध्ये हिशेब पक्का झाला: बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के आणि आपल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के. तो कर थेट १९२५ च्या डिसेंबरात थांबला.

आणि हा वाद मराठी माणसाला नवा नाही. काशिनाथ त्रिंबक तेलंगांनी १८७७ मध्ये मुंबईत याच विषयावर निबंध वाचला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात सांगितलं की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. दोघंही परदेशी मालाचे आंधळे विरोधक नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की दुबळ्या आणि सबळाला एकाच मैदानात सोडताना आधी दुबळ्याच्या पायातली बेडी काढा.

सूतगिरण

इचलकरंजीतून लिहितोय. आमचे चोवीस माग आहेत, आजोबांनी चारावर सुरू केलं होतं.

पऱ्हाटी भाऊ, तुमच्या कापसाचं दुःख कळतं, पण आमची बाजू ऐका. सुताच्या खर्चात निम्म्याहून जास्त पैसा कापसाचा. बांगलादेश आणि व्हिएतनाम कच्चा कापूस शून्य शुल्कानं आणतात. आमचा कापूस जगाच्या भावापेक्षा महाग पडला की आमचं सूत महाग, सूत महाग की कापड महाग, आणि गिऱ्हाईक चितगावला जातं. त्यात २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. बांगलादेशाला २० लावलं. सोलापूरचे टॉवेलवाले आमचे पाहुणे, त्यांच्याकडं ऑर्डरी थांबल्यात. माग बंद पडला तर आधी कांडीवाली बाई घरी बसते, मालक नंतर.

शुल्क काढल्यावर सुताचा भाव जरा नरमला, हे मी माझ्या बिलावर बघितलंय. त्यामुळं आम्ही तरी त्याला वाईट म्हणणार नाही.

गाठपेंडी

हिंगणघाटला आमचं जिनिंग आहे. नुसत्या टक्क्यांत बोललं की शेतकऱ्याला नीट कळत नाही, म्हणून हिशेब मांडतो.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. रुईची खंडी ३५६ किलोची. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. आता हिशेबापुरती बाहेरून येणाऱ्या रुईची खंडी बंदरावर ५०,००० धरा. ११ टक्के म्हणजे ५,५००. हे साडेदहा क्विंटलांवर वाटले तर क्विंटलमागे सव्वापाचशे रुपये झाले. शुल्क जसंच्या तसं भावात उतरतं असं मी म्हणत नाही. पण व्यापारी मनात जो आकडा धरून बोली लावतो तो एवढ्यानं खाली येतो. शुल्क काढल्याबरोबर कापूस महामंडळानंही गाठींचे भाव उतरवले. सरकीचे दर पडले तर अजून वेगळं.

पऱ्हाटी भाऊ, ६,६०० ला देऊ नका. आठ दिवस ऊन दाखवा. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, १२ पर्यंत कपात करून घेतात, त्यापुढं घेत नाहीत. मोबाइलवर नोंदणी केली ना?

पऱ्हाटी

नोंदणी केली दादा. पण वेचणीवाल्या बायांना किलोमागे दहा रुपये रोखीनं द्यायचे असतात, त्या आठ दिवस थांबत नाहीत. थांबायला सांगणंही बरोबर नाही, त्यांच्याही घरी दिवाळी आहे. एक क्विंटल विकून त्यांचे पैसे दिले, बाकी छपरीत पसरलंय.

सूतगिरण दादा, तुमचं मनापासून पटलं. तरी एक शंका. निर्यातीसाठी माल बनवणाऱ्याला आगाऊ परवान्यावर कच्चा माल शुल्काविना आणायची सोय आधीपासून आहे. मग अमेरिकेच्या ५० टक्क्यांसाठी सगळ्यांचंच शुल्क काढायची गरज काय होती?

सूतगिरण

परवाना मोठ्या गिरणीला. त्यांच्याकडं निर्यात बघायला वेगळा माणूस असतो, बँक हमी असते. चोवीस मागांचा माणूस ब्राझीलची गाठ आणत नाही, तो पेठेतनं सुताची पोती उचलतो. मला फायदा मिळायचा तर पेठेतलाच भाव उतरायला लागतो.

तराजू

सूतगिरण यांनी फार मोलाचं सांगितलं. निवडक सवलती मोठ्यांना मिळतात, सरसकट शुल्क काढलं तर लहानालाही मिळतं. एकतर्फी खुलेपणाच्या बाजूनं माझा हाच मुख्य मुद्दा आहे.

लासलगावकर

सर, सरसकट म्हणता तर मग निर्यातही सरसकट मोकळी ठेवा की.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली. त्या दिवशी माझे दोन ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभे होते. सकाळी जो भाव पुकारला जात होता तो दुपारी कुणी पुकारायला तयार नव्हतं. पाच महिन्यांनी, ४ मे २०२४ ला बंदी उठवली, तर त्यावर टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के निर्यातशुल्क. सप्टेंबरात ते २० केलं. पूर्ण निघालं १ एप्रिल २०२५ ला. तोवर दुबई, कोलंबो, ढाक्याचं गिऱ्हाईक पाकिस्तानच्या आणि चीनच्या कांद्याला सरावलं.

भाव वाढायला लागला की बाहेर पाठवू नका, आणखी वाढला की बाहेरून आणा. ह्या दोन्हींत शेतकऱ्याचा भाव फक्त खालीच जातो. ह्याला खुला व्यापार म्हणू नका, एवढीच हात जोडून विनंती.

सदाफुली

+१०० लासलगावकर.

जुनी पानं

कापसाचंही तेच झालंय. एप्रिल २०१० मध्ये निर्यातीची नोंदणी थांबवली, ५ मार्च २०१२ ला थेट बंदी घातली आणि ओरड झाल्यावर आठवड्यात मागे घ्यावी लागली.

पऱ्हाटी

तुम्ही बाहेरच्या देशाचं सांगता, आमच्याकडे तर शेजारच्या जिल्ह्याची बंदी होती.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारलाच द्यायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. आमचं गाव पांढरकवड्याच्या खाली, पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे तेव्हाचं आंध्र. तिकडं भाव जास्त असायचा आणि पैसे त्याच दिवशी हातात. इकडं चुकाऱ्याची वाट बघावी लागायची. वडील सांगायचे, रात्री जेवण झालं की बैलाच्या गळ्यातली घागरमाळ काढून ठेवायची, चाकाला वंगण घालायचं म्हणजे करकर होणार नाही, आणि कापसावर कडब्याच्या पेंढ्या रचायच्या. नदीच्या उतारावर काका कंदील न लावता पुढं चालायचा. एकदा पकडले गेले. गाडी, कापूस, बैल, सगळं नाक्यावर. स्वतः पिकवलेला कापूस विकायला नेला म्हणून त्यांची दोन दिवस चौकशी झाली.

म्हणून मला मोकळ्या बाजाराची चीड नाही. आमच्या घरानं तो चोरून मिळवलेला आहे.

मुक्ता

पऱ्हाटीदादा, हा प्रतिसाद वाचून थांबले थोडा वेळ.

मी ठाण्यात राहते, घर चालवते. खाणाऱ्याच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क, उपकर धरून, साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केलं. ऐन गणपतीत. आमच्याकडे महिन्याला पाच लिटर तेल लागतं, पण माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पावशेराची पिशवी घेतात, रोज. त्यांनी त्या महिन्यात भाजीला फोडणी देणं सोडलं होतं. शेतकऱ्याला भाव मिळावा हे शंभर टक्के मान्य. पण तो मावशींच्या फोडणीतून काढायचा का?

लातूरकर

ताई, प्रश्न रास्त आहे. फक्त ते शुल्क वाढवून आमच्या पदरात काय पडलं तेही ऐका. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, बाजारात त्याच्या खाली गेलं. शुल्क तेलावर लागलं, पण सोयाबीनचा भाव अर्ध्याहून जास्त पेंडीवर ठरतो आणि पेंड जगात पडलेली होती. म्हणजे तुमच्या मावशींचं तेल महागलं आणि आमचं सोयाबीन तिथंच. मग ३० मे २०२५ ला कच्च्या तेलाचं मूळ शुल्क २० वरून १० वर आणलं. आठ दिवसांत आमच्याकडं पेरणी. ह्या वर्षी, २०२५ ला, हमीभाव ५,३२८, अतिवृष्टीतनं जे वाचलं त्याला ४,००० च्या आसपास मागतात.

२०२१ तर कुणीच विसरणार नाही. लातूरच्या बाजारात सोयाबीन १०,००० च्या घरात गेलं होतं. ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकबदल सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली, आणि आमचं काढणीला येईपर्यंत भाव निम्म्यावर.

जरा मागं जाऊ. १९८६ च्या तेलबिया अभियानानंतर नव्वदच्या सुरुवातीला देश तेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ नंतर पामतेलाची आयात मोकळी केली आणि ६५ टक्क्यांचं शुल्क चार-पाच वर्षांत १५ वर आणलं. आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. करडई, जवस, तीळ आमच्या शिवारातनं गेलं. माझ्या मुलीला करडईचं फूल ओळखता येत नाही.

सदाफुली

अवांतर: करडईच्या तेलातली लसणाची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी. लातूरकर, तुम्ही जखमेवर नेमकं बोट ठेवलंत.

लातूरकर

अवांतर कसलं, मूळ मुद्दाच आहे हा. घाणा सुरू आहे आमच्याकडं, या कधीही.

दक्षिणगोल

ऑकलंडहून. इथला अनुभव या धाग्यासाठी कामाचा आहे.

१९८४ मध्ये इथं मजूर पक्षाचं सरकार आलं. देश कर्जात होता. मेंढीपालकांच्या उत्पन्नात अनुदानाचा वाटा ४० टक्क्यांच्या जवळ पोचला होता. अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी शेतीची अनुदानं जवळपास एका झटक्यात काढली आणि पुढच्या वर्षांत आयातशुल्कंही स्वतःहून उतरवली. आठ हजार शेतकरी उठतील असं भाकीत होतं. प्रत्यक्षात आठशेच्या आसपास उठले, साधारण एक टक्का. तेव्हा सात कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्या आसपास आहेत. जमीन दुधाकडे, किवीकडे, द्राक्षाकडे वळली. मोटारगाड्यांवरचं शुल्क १९९८ मध्ये शून्य केलं आणि त्याच वर्षी गाड्या जुळवणारे शेवटचे कारखाने बंद झाले. माझे पहिले घरमालक त्यातल्या एकात वीस वर्षं होते. त्यांना नंतर कारखान्यातली नोकरी मिळाली नाही, शाळेची बस चालवली. पण त्यांच्या दारात जपानहून आलेली जुनी गाडी उभी असायची, आणि ती स्वस्त मिळाली हेही तेच सांगायचे.

इथलं दार उघडलं तेव्हा सगळ्याच बाजूंनी उघडलं. खतं, यंत्रं, औषधं यांवरचं शुल्कही उतरलं. चलन मार्च १९८५ मध्ये खुलं सोडलं. भाव पाडायला निर्यात अडवली नाही. कर्जाची फेररचना झाली. आणि सरासरी शेत शेकडो एकरांचं होतं. पऱ्हाटी, तुमच्याकडे किती?

पऱ्हाटी

नऊ एकर, कोरडवाहू. पाऊस बरा झाला तर एकरी पाच क्विंटल.

तुम्ही यंत्रं-औषधांचं काढलंत, तीच माझी खरी बोच आहे. ब्राझीलचं हेक्टरी रुईचं उत्पादन आपल्या चौपटीच्या आसपास आहे. त्यांच्याकडे तणनाशक सहन करणारं बियाणं अधिकृत मिळतं. आपल्याकडे बीटीला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या जनुकबदल कापसाला, परवानगी २००२ मध्ये, दुसऱ्या पिढीच्या बीटीला २००६ मध्ये. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला मात्र अजून परवानगी नाही. २०१९ मध्ये अकोटजवळ संघटनेच्या लोकांनी उघडपणे ते बियाणं पेरलं, गुन्हे दाखल झाले. म्हणजे त्या बियाण्याचा कापूस ब्राझीलमधून शून्य शुल्कानं येऊ शकतो, पण तेच बियाणं मी पेरलं तर गुन्हेगार. ते बियाणं चांगलं की वाईट यावर दुमत असू शकतं. वाईट असेल तर त्याचा कापूसही आणू नका.

गाठपेंडी

आणि अमेरिकेच्या कापसाला तिथलं सरकार पैसे देतं, ते ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत सिद्ध करून दाखवलं होतं. अमेरिकेनं धोरण पुरतं बदललं नाही, २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. आपल्या शेतकऱ्याला असं कोण देणार?

तराजू

दोन दिवस मुद्दाम थांबून सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले.

तत्त्व मी सोडत नाही. शुल्काचा बोजा आपल्याच माणसावर पडतो, मुक्ताताईंच्या मावशी हेच सांगताहेत. पण पेरणी आणि वेचणी यांच्या मध्ये शुल्क बदललं तर काय होतं, हे मी इतक्या वर्षांत वर्गात एकदाही शिकवलं नाही. आमच्या आकृतीत शेतकरी नवा भाव बघतो आणि दुसऱ्या पिकाकडे वळतो. ऑगस्टमध्ये उभी पऱ्हाटी उपटून तो काय लावणार होता? शुल्क उतरवायचंच होतं तर मार्चमध्ये सांगायचं, दरवर्षी दोन टक्के असं उतरवायचं, आणि निर्यातीला कधीही हात लावणार नाही हे त्याच कागदावर लिहून द्यायचं. १९९१ नंतर उद्योगांना पंधरा-सोळा वर्षं मिळाली. कापूसवाल्याला पंधरा दिवसही मिळाले नाहीत. हे चूक आहे, आणि तसं मी स्पष्ट म्हणतो.

सूतगिरण

सरांशी सहमत. आम्हालाही डिसेंबरनंतर काय होणार ते कळत नाही. स्वस्त सुताच्या भरवशावर ऑर्डर घ्यायची आणि जानेवारीत शुल्क परत लागलं तर?

पऱ्हाटी

सर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, या गुरुजींना वेचणीला बोलव.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं वाटतं. शुल्क शून्य करा, मी मोर्चात येणार नाही. मात्र माझ्या बियाण्यावरची, निर्यातीवरची बंदीही त्याच दिवशी शून्य करा, आणि तो दिवस जूनच्या आधीचा असू द्या. पेरताना मला ११ टक्के सांगितले होते. त्या हिशेबानं मी सात एकर पऱ्हाटी आणि दोन एकर तूर ठेवली. शून्य सांगितलं असतं तर उलटं केलं असतं, बुडालो असतो तरी माझ्या निर्णयानं बुडालो असतो.

लासलगावकर

तुरीवरचं आयातशुल्कही शून्यच ठेवलं भाऊ, मार्च २०२६ पर्यंत.

पऱ्हाटी

माहीत आहे. म्हणूनच दोन एकर.

गाठपेंडी

ओल किती उतरली?

पऱ्हाटी

काल मापून आणली, ११. चार दिवस आणखी ऊन दाखवतो. आज सकाळपासून आभाळ आहे, छपरीत ताडपत्री ओढून बसलोय.